मशीनच्या पोटातली हळद

डॉ. दामले गेले त्या आठवड्यात दोन जणांनी मला फोन करून विचारलं, "आता तुम्हाला जरा शांत वाटत असेल, नाही?" दोघंही आमच्या हॉस्पिटलातलीच जुनी माणसं, म्हणजे प्रश्न सद्भावनेनंच विचारलेला होता. लहान मुलांच्या त्या छोट्याशा हॉस्पिटलात दामले वरच्या मजल्यावर मुलं तपासायचे आणि मी तळमजल्यावर त्या मुलांचं रक्त, लघवी आणि थुंकी तपासायचे. माझ्या नोकरीचा बहुतेक काळ आमचं भांडण मधल्या जिन्यात आणि इंटरकॉमवर चालू असे. आता त्यातला एक पक्ष कायमचा गैरहजर आहे. भांडण मी जिंकले, असं समजायला हरकत नाही.

या अंकाच्या संपादकांनी 'प्रयोगशाळेतले प्रेरणादायी अनुभव' मागवले आहेत. प्रयोगशाळेत प्रेरणा नसते, हे त्यांना बहुधा ठाऊक नसावं. तिथे फिनेलचा वास असतो, जंतूंच्या खाद्यासाठी अगर नावाची जेली शिजवल्याचा वास असतो आणि खिडकीशी "रिपोर्ट झाला का?" असं विचारणारा एक चेहरा असतो. मी लिहितेही फार हळू. एवढी सुरुवात करण्यात माझा श्रावण गेला. तेव्हा प्रेरणा सापडली नाही तर वाचकांनी पान उलटावं. पुढे राशिभविष्य असेलच.

मी सूक्ष्मजीवशास्त्राची डॉक्टर. लग्नकार्यात हे सांगितलं, की समोरचा माणूस क्षणभर आदरानं बघतो आणि मग विचारतो, "म्हणजे पेशंट नाही बघत?" नाही बघत. पेशंटला ज्यानं आडवं केलं त्याला बघते. "अच्छा, म्हणजे लॅब!" असं म्हणून तो जिलबीकडे वळतो.

हे काम पूर्वी कसं चालायचं ते सांगते. मुलाचं रक्त किंवा पाठीच्या कण्यातलं पाणी आमच्याकडे आलं, की आम्ही ते एका चपट्या बशीतल्या खाद्यावर पसरायचो. मग ती बशी उबदार कपाटात ठेवायची आणि वाट बघायची. जंतूला आवडीचं जेवण, अंगाला ऊब आणि दोन-तीन दिवसांची सवड. घरजावयाचीसुद्धा कोणी इतकी बडदास्त ठेवत नाही. एवढं केल्यावर साहेब वाढले, तर ते कोण हे ओळखायचं आणि मग कोणत्या औषधानं मरतील ते त्यांच्यावरच करून बघायचं. या पद्धतीला कल्चर म्हणतात. तोवर वरच्या मजल्यावर मूल तापानं फणफणत असायचं आणि डॉक्टर अंदाजानं औषध देत असायचे. अंदाज बरोबर आला की त्याला 'अनुभव' म्हणायचे. चुकला की 'पेशंट उशिरा आणला' असं म्हणायचे.

मग आमच्याकडे ते मशीन आलं.

दिसायला ते घरातल्या ओव्हनएवढं. पुढे एक छोटं दार, त्यात एक प्लास्टिकची डबी बसते. डबीत नमुना घालायचा, दार लावायचं, की साधारण तासाभरात उत्तर. आमच्या ट्रस्टनं ते घेतलं, तेव्हा दामले खाली आले, हात मागे बांधून त्याच्याभोवती फिरले आणि म्हणाले, "बाई, यात नानकटाई होते का?"

"नाही. जंतू ओळखता येतात."

"ते मी पण ओळखतो. आणि मला वीज लागत नाही."

बाहेरच्यांना हे यंत्र समजावताना मला नेहमी पुस्तकांचाच आधार घ्यावा लागतो, कारण मला दुसरं फारसं काही कळत नाही. प्रत्येक जंतूच्या पोटात त्याचं एक पुस्तक असतं. त्यानं कसं जगावं, कसं वाढावं, हे सगळं त्यात लिहिलेलं. न्यूमोकोकस नावाच्या जंतूच्या पुस्तकात एक वाक्य असं आहे, की ते दुसऱ्या कोणाच्याही पुस्तकात नाही. मशीन जंतूला फोडून त्याचं पुस्तक बाहेर काढतं, तेवढं एकच वाक्य शोधतं आणि त्याच्या झेरॉक्स काढत सुटतं. एकाच्या दोन, दोनाच्या चार. प्रत्येक प्रतीला एक चमकणारा रंग चिकटवलेला असतो. प्रती पुरेशा झाल्या, की डबीत उजेड दिसतो आणि मशीनचा डोळा तो टिपतो. उजेड दिसला तर जंतू आहे, अंधार राहिला तर नाही.

यात दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. पहिली अशी, की कल्चरला जिवंत जंतू लागतो, मशीनला लागत नाही. लेखक मेला तरी पुस्तक वाचता येतं, तसंच हे. दुसरी अशी, की पुस्तक सापडलं म्हणजे त्याच्या मालकानं काही गुन्हा केला, असं होत नाही.

ही दुसरी गोष्ट लोकांच्या गळी उतरवणं हे आमचं खरं काम होऊन बसलं. बाणेरहून एक संगणक अभियंता आपल्या सर्दी झालेल्या मुलाला घेऊन आले होते. मुलाच्या घशाची लांबलचक तपासणी त्यांनी आधीच दुसरीकडे करून घेतली होती. मी काही कामासाठी दामल्यांच्या खोलीत उभी होते.

"डॉक्टर, पॅनेलमध्ये न्यूमोकोकस डिटेक्ट झालाय. ट्रीटमेंट प्लॅन डिस्कस करू या का?"

"मुलाला काय होतंय?"

"सर्दी. पण रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे ना!"

"तुमच्या सोसायटीत राहणारे सगळे चोर आहेत का?"

"अं? नाही!"

"मग पोराच्या घशात राहणारा प्रत्येक जंतू चोर कशावरून? निरोगी पोरांच्या घशातही तो मुक्काम करून असतो. राहू द्या बिचाऱ्याला. तुमची तपासणी केली, तर आणखी दोन भाडेकरू निघतील. तुम्हाला ॲडमिट करू?"

ते गृहस्थ गेल्यावर दामले माझ्याकडे वळले. "बघा. तुमच्या ओव्हननं काय करून ठेवलंय. पूर्वी लोक मुलाकडे बघून घाबरायचे, आता कागदाकडे बघून घाबरतात."

या भांडणात मी अगदीच हरत होते, असं नाही. नारायण पेठेतल्या एका तान्ह्या बाळाला खोकल्याची उबळ आली की ते निळं पडायचं. दामले म्हणाले, साधा खोकला आहे. मशीन म्हणालं, डांग्या खोकला. दामल्यांनी एकदा मशीनकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे आणि मग बाळाच्या आजोबांकडे. हे आजोबा निवृत्त मुख्याध्यापक होते आणि मघापासून खोकत होते.

"तुमच्याही घशाचा नमुना द्या."

"माझा? मला काही झालेलं नाही. हा कबुतरांचा खोकला आहे. आमच्या खिडकीत कबुतरं बसतात."

"हो ना. मग कबुतरांना दोष देण्याआधी एकदा तपासून घेऊ. त्यांच्यावर अन्याय नको."

आजोबांचा नमुनाही पॉझिटिव्ह आला. कबुतरं निर्दोष सुटली, बाळ वाचलं आणि दामले म्हणाले, "ओव्हनला एकदा जमलं." त्यांच्याकडून यापेक्षा मोठा सत्कार कोणाचा झालेला माझ्या ऐकिवात नाही.

आता खंडेनवमीबद्दल. आपल्याकडे या दिवशी हत्यारांची पूजा असते. सुतार करवतीची करतो, ड्रायव्हर गाडीची करतो, तशी आम्ही सूक्ष्मदर्शकाची करायचो. विज्ञानाची पदवी घेतलेली माणसं विज्ञानाच्या उपकरणांना हळदकुंकू लावून त्यांना वर्षभर नीट चालण्याची विनंती करत असत. कंपनीच्या देखभाल करारापेक्षा ही विनंती जास्त वेळा मान्य झालेली आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवते.

पूजेची मांडणी आमची तंत्रज्ञ सुनंदा करायची. ती अमरावतीकडची, लग्न होऊन पुण्यात आलेली, कामात चोख. माझा नियम एवढाच होता, की मशीनवर वरून झेंडूचं फूल ठेवा, हळदकुंकू मात्र शेजारच्या पाटावर. त्या वर्षी पूजा झाली आणि मला ट्रस्टींनी वर बोलावलं, म्हणून मी गेले. नेमके त्याच वेळी दामले पेढे खायला खाली आले. देवावर त्यांचा विश्वास नव्हता, पेढ्यांवर होता.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळीच मार्केट यार्डातून एक कुटुंब आलं. वडील संतोष, कांदा-बटाट्याचा टेम्पो चालवणारे. बरोबर त्यांची बहीण विमल. विमलताईंच्या कडेवर चार वर्षांची ईश्वरी. तिची आई बाळंतपणासाठी माहेरी गेलेली, म्हणून पोरीचं सगळं आत्याच बघत होती. ईश्वरीला ताप होता, उलट्या होत होत्या, मान लाकडासारखी ताठ आणि डोळे मिटलेले. मेंदूच्या आवरणाला झालेल्या संसर्गाची ही लक्षणं असतात. त्यात जीव जाऊ शकतो, आणि वाचला तरी दृष्टी किंवा ऐकणं जाऊ शकतं.

दामल्यांनी पोरीला बघितलं आणि घरच्यांवर तोफ डागली. त्यांचा आवाज तळमजल्यावर मला ऐकू आला, इंटरकॉमची गरजच पडली नाही. "इतका वेळ काय करत होतात? सोनं वाटत होतात? घरी काय पाजलंत हिला? काढा-बिढा, उरलंसुरलं औषध, काय दिलंत?"

"काय न्हाई दिलं," विमलताई म्हणाल्या.

हा प्रश्न का विचारतात, तेही सांगते. पुण्यातल्या कोणत्याही फ्रीजच्या दारात चटणी, लोणचं, गुलाबपाणी आणि मागच्या आजारपणात उरलेली अँटिबायोटिकची एक बाटली असते. औषध महाग असतं आणि टाकून देणं आपल्या संस्कारात बसत नाही. पुढच्या तापाला त्यातलं चमचाभर पाजलं, की मूल बरं तर होत नाही, पण जंतू अर्धमेला होतो आणि लपून बसतो. मग आमच्या बशीत काही उगवत नाही.

दामल्यांनी पाठीच्या कण्यातून पाणी काढलं. 'पाठीतलं पाणी काढलं की पोर अधू होतं' अशी लोकांची समजूत असते, त्यामुळे संतोष बाहेर बाकावर डोकं धरून बसले होते. अँटिबायोटिकच्या सुया तर दामल्यांनी लगेच सुरू केल्या, रिपोर्टसाठी थांबले नाहीत. खाली मी सूक्ष्मदर्शकातून बघितलं. पाण्यात पू होता, भरपूर. जंतू मात्र एकही दिसला नाही. थोडं पाणी कल्चरला लावलं, थोडं डबीत घालून मशीनला दिलं.

मशीन म्हणालं, अवैध.

म्हणजे आहेही नाही आणि नाहीही नाही. मशीन सांगत होतं, की मला कळत नाही. आपल्याला कळत नाही असं पुण्यात मान्य करणारं एकमेव म्हणून खरं तर त्याचा सत्कारच करायला हवा होता. मी नवी डबी घेतली आणि पुन्हा लावलं. पुन्हा अवैध. आता पोरीच्या पाण्यातलं जेमतेम एका तपासणीपुरतं उरलं होतं. ते मी बंद करून फ्रीजमध्ये ठेवलं आणि एक माहितीतला जुना नमुना लावून बघितला. तोही अवैध. दोष नमुन्यात नव्हता, मशीनमध्येच होता.

मी दार उघडून टॉर्च मारला. आतल्या कडेला, डबी बसते तिथे, पिवळसर काहीतरी होतं.

"सुनंदा, हे काय आहे?"

सुनंदा छताकडे बघायला लागली. आमच्या छतात बघण्यासारखं काहीही नाही.

"सुनंदा."

"मॅडम, मोठे डॉक्टर आले होते काल. म्हणाले, देव गाभाऱ्यात असतो, बाहेरून काय पूजा करता? अन् चिमूटभर हळद घेऊन दाराच्या आत टाकली न त्यांनी. मी काय बोलू बापा त्यांना? ते गेल्यावर मी पुसलं."

"कशानं?"

"फडक्यानं."

फडक्यानं पुसल्यामुळे हळद आणखी आत गेली होती. आता हळदीची एक गंमत आहे. विशिष्ट उजेड टाकला, की ती स्वतःच चमकते. आणि आमचं मशीन तर चमक मोजणारं. त्याच्या डोळ्यासमोर दिवाळी चालू होती, त्यात बिचाऱ्यानं जंतूचा दिवा कुठे शोधायचा?

मी कंपनीला फोन लावला.

"मॅडम, मशीन बंद करून चालू केलं का?"

"केलं."

"मशीनवर काही सांडलंय का?"

"हळद."

"कसली हळद, मॅडम?"

"स्वयंपाकातली."

 मग अतिशय सौम्य आवाजात प्रश्न आला, "मॅडम, तुम्ही लॅबमध्ये स्वयंपाक करता का?"

इंजिनिअर सुट्टी संपवून परवा सकाळी येणार होता. उरलेला थेंबभर नमुना एखाद्या स्कूटरवरून दसऱ्याच्या गर्दीत दुसऱ्या लॅबकडे पाठवायला माझं मन धजेना. दामल्यांना मी इंटरकॉमवर सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि इंटरकॉम ठेवला.  

दोन दिवसांत ईश्वरीनं डोळे उघडले. ताप उतरला, पाणी मागितलं, आत्याच्या बांगड्यांशी खेळायला लागली. आणि संकट नेमकं इथून सुरू झालं. या आजारात जंतू कोणता हे कळलं, की सुया किती दिवस द्यायच्या ते ठरतं, आणि न्यूमोकोकस असेल तर पोर बरी दिसायला लागल्यावरही पुढे दहा-बारा दिवस त्या द्याव्या लागतात. मध्येच थांबवलं तर आजार उलटतो, आणि दुसऱ्या फेरीत तो फारसं काही शिल्लक ठेवत नाही. दामल्यांचा संशय न्यूमोकोकसवरच होता. पुरावा मात्र नव्हता. कल्चरची बशी तिसऱ्या दिवशीही कोरी करकरीत, आणि तसा रिपोर्ट माझ्या सहीनं वर गेला होता.

त्या सकाळी इंजिनिअर आला. त्यानं मशीन उघडून कसल्याशा द्रवानं आतला डोळा पुसला, जुना नमुना लावून खात्री केली आणि कापसावरची हळद एका पिशवीत घालून ठेवली. ऑफिसात दाखवायला, म्हणाला. मी उरलेला नमुना डबीत घातला, दार लावलं आणि सुनंदाला तिथे बसवलं. एवढ्यात वरून नर्स आली. ईश्वरीचे वडील पोरीला घरी न्यायला निघाले होते.

मी सहसा वर जात नसे. त्या दिवशी गेले.

संतोष कॉटपाशी उभे होते, पिशवी भरलेली. माझ्याकडे बोट दाखवून दामल्यांना म्हणाले, "ह्या मॅडमचाच रिपोर्ट हाय, डॉक्टर. जंतू वाढला न्हाई. मग सुया कशापायी? पोरगी खेळाय लागली की."

"खेळायला लागली, कारण सुया चालू आहेत. टेम्पो उतारावर नीट चाललाय म्हणून ब्रेक काढून ठेवता का तुम्ही?"

"तसं न्हाई. पण एक रिपोर्ट म्हणतोय काय न्हाई. आन ते दुसरं मशीन, त्याचा रिपोर्ट तीन दिस कुठं हाय?"

"तासाभरात येईल," मी म्हणाले. "पुन्हा पाणी काढू दिलं असतंत तर दुसरीकडेही..."

"पाठीत परत सुई न्हाई. आधीच सांगितलं." ते वळले. "तीन दिस का न्हाई आला, ते सांगा."

अशा प्रसंगांसाठी एक वाक्य ठरलेलं असतं: तांत्रिक अडचण होती. ते माझ्या ओठांवर आलंही. पण त्याआधी दामले बोलले.

"मशीनमध्ये मी हळद घातली होती."

"आं?"

"हळद. खंडेनवमीला. शहाणपणा करायला गेलो. मशीन आंधळं झालं आणि तुमच्या पोरीचा रिपोर्ट अडकला. बाईंची काही चूक नाही. माझी आहे."

"तुम्ही? येवढे शिकलेले?"

"शिकलेलाच ना. अडाणी माणसाला असलं सुचत नाही."

 शेजारच्या कॉटवरची आई दूध पाजता पाजता थांबली होती. मग विमलताई बोलल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, भावाकडे न बघता.

"दादा, मग मीबी सांगते. मी पाजलं हुतं तिला. फ्रीजमधलं. मागल्या टायमाला उरलेलं."

"तू तर म्हनलीस काय न्हाई दिलं!"

"आल्या आल्या डॉक्टर अंगावर धावून आले. घरी काय पाजलंत म्हून. आसं इचारल्यावर कोन सांगतंय?"

 दामले स्टूल ओढून विमलताईंसमोर बसले आणि ज्या आवाजात बोलले, तो आवाज त्यांच्याकडे आहे हे मला माहीत नव्हतं.

"किती पाजलंत?"

"दोन दिस. सकाळ-संध्याकाळ. चहाचा चमचा."

"ठीक. आता ऐका. त्या औषधानं जंतू मेला नाही, नुसता गपगार पडला. म्हणून बाईंच्या बशीत तो वाढला नाही. तुम्ही सांगितलंत, बरं झालं. आता मला कळलं, की कोऱ्या रिपोर्टचा अर्थ काय आहे."

"माझ्यामुळं झालं का हो हे समदं?"

"नाही."

हे खरं होतं की खोटं, ते सांगणारं मशीन अजून निघालेलं नाही.

 संतोष बहिणीवर रागावतील असं वाटलं, पण ते खाटेच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "तासभर थांबतो. मशीन काय म्हनतंय बघू."

तो तास मी तिथेच काढला. ईश्वरीनं तेवढ्यात माझ्या चष्म्याची दांडी वाकवली. मग जिन्यावर सुनंदाची पावलं वाजली. ती दारातच थांबली, धापा टाकत. "मॅडम, न्यूमोकोकस. उजेड एकदम लवकर दिसला."

अर्धमेल्या जंतूंची पुस्तकं जागच्या जागी होती. दामल्यांनी संतोषना इतकंच सांगितलं, "हा बघा चोर. घशात नाही, पाठीच्या पाण्यात सापडला. तिथे कोणी भाडेकरू नसतो." संतोषनी भरलेली पिशवी कॉटखाली सरकवली.

सुया पूर्ण झाल्या. ईश्वरी चालत घरी गेली. मी हे इथेच संपवलं असतं, तर संपादकांना हवी तशी गोष्ट झाली असती. पण घरी जाण्याआधी तिच्या कानांची तपासणी झाली, आणि डाव्या कानानं तिला काहीही ऐकू येत नव्हतं. जंतूनं तो कान आधीच, बहुधा पहिल्या दोन दिवसांतच, नेला होता. उजवा शाबूत होता.

त्या संध्याकाळी दामले खाली आले आणि सुनंदाच्या स्टुलावर बसले. मी चहा मागवला. तो गार झाला तरी त्यांनी प्यायला नाही.

"बाई," ते म्हणाले, "ती बाई मला पहिल्या दिवशी बोलली असती, तर आपण वेळेवर ओळखलं असतं का?"

"सुया तुम्ही पहिल्या दिवसापासून बरोबरच दिल्यात. कानाला फरक पडला नसता."

"नक्की?"

मी नक्की म्हणाले नाही. उत्तर ऐकायला दामले तसेही थांबले नव्हते, जिना चढायला लागले होते.

पण त्यानंतर वरच्या मजल्यावरची पद्धत बदलली. नव्या मुलाला तपासायच्या आधी दामले घरच्यांना म्हणायचे, "फ्रीजमधलं उरलेलं औषध कोणी पाजलं असेल तर सांगा. मी ओरडणार नाही." आणि खरंच ओरडत नसत. आया, आज्या, मावश्या भराभर सांगून टाकत. किती चमचे, कोणत्या बाटलीतून, कोणी सांगितलं म्हणून. ते सगळं शांतपणे ऐकून घेत, आणि मग जिना उतरून खाली येत आणि दार लावून माझ्यावर ओरडत. "बाई, ऐकलंत का? शेजारच्या मुलाचं औषध पाजलंय! शेजारच्या! या देशात साखर मागायला जात नाहीत एवढी अँटिबायोटिकं शेजारून आणतात!" मी बशा मोजत ऐकून घ्यायचे. दामले निवृत्त होईपर्यंत हे चाललं. माझ्या कामाच्या वर्णनात ते कुठे लिहिलेलं नव्हतं, पण वरच्या मजल्यावरच्या त्या आया खरं बोलत होत्या, त्याची किंमत म्हणून मला ते फार वाटलं नाही.

दामले या वर्षी गेले. झोपेतच. कोणाला एक शब्दही बोलायची संधी न देता. म्हणजे स्वभावाला धरूनच.

शोकसभा एका छोट्या सभागृहात झाली. मी मागे बसले होते. उशिरानं संतोष आले, केस बरेच पांढरे झालेले, आणि बरोबर एक उंच मुलगी. मी तिला ओळखलं नाही, तिनं मला ओळखण्याचा प्रश्नच नव्हता. वडिलांनी सांगितल्यावर ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही या खुर्चीवर या. मला त्या बाजूनं ऐकू येत नाही." मी जागा बदलली.

व्यासपीठावर ट्रस्टी बोलत होते. दामले किती मृदुभाषी होते, हे ते सांगत होते. दामल्यांनी आयुष्यात कधी कोणाचं मन दुखावलं नाही, आजारी बालकांशी ते मधाळ शब्दांत संवाद साधत, वगैरे. ईश्वरीनं उजवा कान व्यासपीठाकडे वळवला. थोडा वेळ अगदी लक्ष देऊन ऐकलं. मग माझ्याकडे वळली.

"मावशी, हे आपल्याच डॉक्टरांबद्दल बोलतायत ना?"

"हो."

"शाळेत असताना कान दाखवायला गेले, तर मला म्हणाले होते, एक कान गेला तर गेला, गणिताचे सर निम्मेच ऐकावे लागतील, रडतेस काय, पेढे वाट."

एका कानानं ऐकणाऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा लागलाय, याचा नेहमीच अंदाज येत नाही. सगळं सभागृह मागे वळलं. ट्रस्टींनी 'मधाळ' हा शब्द अर्ध्यावर सोडला. संतोष तिला "गप की" म्हणून दटावू लागले.

पहिल्या रांगेतून दामल्यांच्या पत्नी उभ्या राहिल्या. 

"तिला गप्प करू नका," त्या म्हणाल्या. "आज दिवसभरात यांच्याबद्दल खरं बोलणारी ती पहिलीच आहे. बाळ, इकडे ये. माइकवरून सांग. आणि जसं बोलले तसंच सांग."

ईश्वरी उठली. ट्रस्टी बाजूला झाले. तिनं माइक खाली ओढला, उजवा कान प्रेक्षकांकडे करून जरा तिरकी उभी राहिली आणि सांगायला लागली. मी रुमाल शोधण्यासाठी पर्स उघडली आणि पहिलं हसू तिथेच, पर्समध्ये तोंड घालून हसले.